नांदायला न गेलेली मुलगी : डॉ. रखमाबाई

डॉ. रखमाबाईंचे नाव काढले की आपल्यापैकी बहुतेकांना एवढेच आठवते की, त्या आपल्या देशातील अगदी पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक होत्या. स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांत आनंदीबाई जोशी, कादंबिनी गांगुली यांच्या खालोखाल त्यांचे नाव येते आणि लगेच पुढचा प्रश्न सुरू होतो. त्यांची डॉक्टरकी मोठी होती यात शंका नाही. पण ती पुढची गोष्ट. त्याआधी, आपण ज्या वयात वर्गात मागच्या बाकावर बसून हजेरीला आवाज देतो त्या वयात, ह्या मुलीने एका शब्दासाठी सारी मुंबई ढवळून काढली होती. तो शब्द म्हणजे 'नाही'.

मी त्यांच्या चरित्राकडे वळलो त्याला निमित्त झाले आमचे पथनाट्य. यंदा राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या गटाने स्त्रियांवरील हिंसाचार हा विषय घेतला होता. तालमी सुरू झाल्या आणि मुलांमध्ये कुजबूज सुरू झाली. आपण कुणावर हात उगारत नाही, कुणाची छेड काढत नाही, मग ह्या नाटकात आपले काम काय, असा तो प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला उत्तर देता येईना. १९९३ पासून मुंबईत 'मावा' ही पुरुषांचीच संस्था महाविद्यालयीन मुलांशी नेमक्या ह्याच प्रश्नावर बोलत आली आहे, हे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. मी मात्र ग्रंथालयात शिरलो आणि जुन्या मुंबईतील ह्या खटल्यापाशी येऊन अडकलो. तो वाचताना माझे लक्ष रखमाबाईंइतकेच त्यांच्या नवऱ्याकडे जाऊ लागले. तसे का, ते पुढे येईलच.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. घराणे सुतार समाजातले, खाऊनपिऊन सुखी. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. हे तीन आकडे एका ओळीत लिहिताना काही वाटत नाही. पण आपल्या वर्गातील मुलींची वये डोळ्यांसमोर आणून ते पुन्हा वाचावेत, अशी माझी विनंती आहे. त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती, हे त्यांचे नशीब. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. तत्पूर्वी त्यांनी आपल्याकडे आलेली मालमत्ता छोट्या रखमाच्या नावे करून दिली. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली होती, तशी पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्कही काढून घेतला होता. त्यामुळे ही व्यवस्था शहाणपणाचीच म्हणायची. पुढे मात्र हीच मालमत्ता गळफासासारखी झाली, असे रखमाबाईंच्या बाजूचे लोक म्हणत.

सखाराम अर्जुन हे असामान्य गृहस्थ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ साली बाँबे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली, तेव्हाच्या आठ संस्थापकांत जे दोन हिंदी होते, त्यांपैकी ते एक, दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. सावत्र बाप म्हटला की आपल्या कथा-कादंबऱ्यांत जे चित्र उभे राहते, त्याच्या अगदी उलट हा माणूस होता. मुलीला घरी पुस्तके मिळत, जाणती माणसे घरी येत, त्यांचे बोलणे कानावर पडे. तरीही १८७६ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न लावून देण्यात आले. सुधारकाच्या घरातसुद्धा असे घडत होते, ह्याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही. त्या काळी मुलगी अकराची झाली आणि लग्न नाही म्हणजे घराच्या दारावर बोट ठेवणारे शंभर.

नवरा मुलगा दादाजी भिकाजी, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, एकोणीस-वीस वर्षांचा, गरिबीतला. त्याने सासऱ्यांकडे घरजावई म्हणून राहावे, शिकावे, माणूस व्हावे, असे ठरले होते. लग्नानंतर काही महिन्यांतच मुलगी वयात आली. रूढीप्रमाणे गर्भाधानाचा विधी व्हायला हवा होता. डॉक्टरांनी तो होऊ दिला नाही. कोवळ्या शरीरावर काय गुदरते हे त्यांनी वैद्य म्हणून पाहिले असणार. मला वाटते, ह्या साऱ्या कहाणीत रखमाबाईंसाठी कुणी केलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. तिला पुढची काही वर्षे मिळाली.

त्या वर्षांत दोन मुले दोन दिशांनी गेली. रखमा घरीच वाचू लागली. मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली इंग्रजी पुस्तके ती वाचत असे, प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जात असे. दादाजीला मात्र शाळेत बसणे मानवले नाही. ज्या वयात मिशा फुटतात, त्या वयात लहान मुलांच्या वर्गात जाऊन बसायचे, तेही सासऱ्याच्या पैशावर, हे त्याला लाजिरवाणे वाटले असावे. हा तर्क माझा आहे. पुढे त्याची आई वारली आणि तो आपले मामा नारायण धुर्माजी यांच्याकडे राहावयास गेला. तेथे शिक्षण सुटले, कर्ज झाले, प्रकृतीही ढासळली. त्या घरातील रीतभात चांगली नव्हती, असे रखमाबाईंच्या बाजूने नंतर मांडले गेले. रखमा त्या घरी जायला राजी नव्हती आणि सावत्र वडील तिच्या पाठीशी होते.

इथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'नांदणे' हा किती गोड शब्द आहे! गोकुळ नांदते, सुख नांदते, लक्ष्मी नांदते. पण मुलीच्या बाबतीत तोच शब्द वापरला की त्याला चाबकाचा आवाज येतो. ती नांदत नाही, तिला नांदायला पाठवा, तिने नांदायला नकार दिला. दहिसरला नदीच्या बाजूच्या आमच्या चाळीत मी लहानपणी हे शब्द पुष्कळदा ऐकले आहेत. एक ताई वर्षातून दोन-तीनदा माहेरी परत येत. चेहरा सुजलेला असे. रात्री वडीलधारी मंडळी त्यांच्या खोलीत जमत, चहा होई, समजूत निघे आणि दोन दिवसांनी पुन्हा रिक्षा बोलावली जाई. त्या बैठकीत त्यांना मारणाऱ्याचे नाव क्वचितच निघे. सारा विचार त्यांनी कसे वागावे ह्याचाच. आम्ही मुले गॅलरीच्या कठड्याला टेकून ऐकत असू आणि आमचे शिक्षण होत असे. तसले शिक्षण कुठल्याही अभ्यासक्रमात नसते.

दादाजीचे शिक्षणही असेच झाले असणार. मार्च १८८४ मध्ये त्याने वकिलामार्फत सखाराम अर्जुनांना पत्र पाठवले की, माझ्या बायकोला माझ्याकडे येण्यास अडवू नका. मुलगी पाठवली गेली नाही, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. कायद्याच्या भाषेत त्याला दांपत्य-हक्कांची पुनःस्थापना म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर, माझी बायको माझ्या ताब्यात द्या.

हा कायदा मुळात आपल्याकडचा नव्हेच. धर्मशास्त्रात नवऱ्याने बायकोवर हुकूमत गाजवावी अशी वचने ढिगाने सापडतील. पण राजाच्या दरबारातून हुकूम आणून, न आल्यास तिला तुरुंगात टाकावे, ही सोय इंग्रजांच्या चर्चच्या न्यायालयांतून आली आणि १८६७ मधील प्रिव्ही कौन्सिलच्या एका निर्णयाने इथे रुजली. गंमत पुढेच आहे. खुद्द इंग्लंडात असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ साली रद्द झाली. म्हणजे ज्या वर्षी दादाजीने रखमाबाईंच्या घरी पत्र पाठवले, त्याच वर्षी साहेबाने आपल्या घरातली ही बेडी काढून टाकली होती. इथली मात्र तशीच ठेवली.

खटला उभा राहण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. वीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरचे छत्र गेले. अशा वेळी माघार घेतली असती तर कुणी नावे ठेवली नसती. उलट शहाणी झाली असेच म्हटले असते. त्याऐवजी दोन महिन्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने एक पत्र छापून आले. त्यात बालविवाहाने मुलीच्या शिक्षणाचे, शरीराचे आणि मनाचे काय होते ते नेमकेपणाने मांडले होते. दुसरे पत्र सप्टेंबरात आले, ते लादलेल्या वैधव्याबद्दल. सही कुणाची ते पुढे उघड झाले. रखमाबाईंचीच. आदल्या वर्षी, ऑगस्ट १८८४ मध्ये, बेहरामजी मलबारी यांनी ह्याच दोन विषयांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली होती आणि देशभर वाद पेटला होता. पण मलबारी पारशी होते, पुरुष होते. घरच्यांच्या भानगडीत बाहेरच्याने पडू नये, असे म्हणून त्यांना बाजूला सारणे सोपे होते. ही पत्रे घरातूनच आली होती. बालविवाहाने तिचे वैयक्तिक आयुष्य नासले आणि ज्या अभ्यासावर तिचे मन जडले होते त्याच्या आड तो आला, असे ती स्वतः सांगत होती.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. इंग्रजी कायदा दोन प्रौढ माणसांनी समजून-उमजून केलेल्या लग्नासाठी आहे. असहाय बालपणी लग्न लावून दिलेल्या, नवऱ्याबरोबर कधीही न राहिलेल्या तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणे क्रूरपणाचे होईल. आणि त्याला हिंदू कायद्यातही आधार सापडत नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य होते. दावा फेटाळला गेला. रखमाबाई जिंकल्या.

आणि मग खरा गदारोळ सुरू झाला. हिंदू धर्म बुडाला, विवाहसंस्था मोडली, परक्या न्यायाधीशाने आमच्या घरात पाय टाकला, अशी ओरड झाली. लोकमान्य टिळकांसारखा प्रखर बुद्धीचा पुरुषही रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला. टिळकांविषयी मला अत्यंत आदर आहे, पण ह्या प्रश्नावर मन त्यांच्या बाजूने वळत नाही. परकीय सत्तेने समाजसुधारणेत हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा समजण्यासारखा आहे. परंतु इथे परक्याच्या कायद्याचा हात धरून न्यायालयात गेला होता तो नवरा. मुलगी नुसती घरी बसून होती! विरोधकांना परका कायदा नको होता असे नव्हे. तो बायकोला आणून देत असेल तर हवा होता. हा विरोधाभास त्या वेळच्या किती विद्वानांच्या ध्यानात आला असेल, कोण जाणे.

दादाजीने अपील केले. त्याच्यामागे आता सनातनी मंडळींचे बळ होते. एकट्या गरीब माणसाला एवढा खर्च झेपणारा नव्हता. मार्च १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवण्यास पाठवला. रखमाबाईंच्या बाजूने काम चालवणाऱ्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. पण वरिष्ठ न्यायालयाने वाट आखून दिली होती. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास.

रखमाबाईंनी सांगितले की, त्या तुरुंगात जातील.

त्या वेळी त्यांचे वय बावीस होते. ह्या जागी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. भाषणात अशी वाक्ये आपण सगळेच बोलतो. परंतु १८८७ सालच्या मुंबईत, प्रतिष्ठित घरातल्या मुलीने तुरुंगाची पायरी चढणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. तिथून परत आल्यावर तिला घरात कोण घेणार होते? तिच्या धाकट्या भावंडांची लग्ने कशी होणार होती? ज्या समाजातून ती आली होती, त्या समाजातील पंचांचे डोळेही घरावर होते. ह्या खटल्याचा बोभाटा पार विलायतेपर्यंत गेला. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी रखमाबाईंची हकीगत सविस्तर घातली. रखमाबाईंच्या मदतीसाठी मुंबईत समिती उभी राहिली, निधी जमला. दादाजीने आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली, तिला रखमाबाईंनी वृत्तपत्रातून मुद्देसूद उत्तर दिले. शिकलेली बायको आणि अर्धवट शिकलेला नवरा यांचे भांडण आता छापखान्यात सुरू झाले होते, आणि त्यात कोण वरचढ ठरले हे सांगण्याची गरज नाही.

शेवटी जुलै १८८८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी न करण्याचे कबूल केले. व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हे लग्न मोडले, अशी एक कथा अनेक लेखांतून फिरत असते. ती रंगतदार आहे, पण घडले ते असे : दोन हजार रुपयांत प्रश्न मिटला. दादाजीने पुढल्याच वर्षी दुसरे लग्न केले. कायद्याच्या दृष्टीने रखमाबाई मात्र त्याची बायकोच राहिल्या. त्याला दुसरी करता येत होती, तिला दुसरा करता येत नव्हता.

आता दादाजीकडे जरा थांबून पाहू. आमच्या नाटकातील मुलांचा प्रश्न मला इथे आठवतो. दादाजीने बायकोला मारल्याची कुठे नोंद नाही. मारणार तरी कसा, ती कधी त्याच्या घरी राहिलीच नव्हती. तो राक्षस नव्हता. गरीब घरातला, आजारी, शिक्षणात मागे पडलेला, कर्जात बुडालेला पोरगा होता तो. त्याला स्वतःचे म्हणण्यासारखे जगात काही नव्हते. पण एक गोष्ट त्याला सगळ्यांनी पक्की शिकवली होती की, अकरा वर्षांची असताना जिच्या गळ्यात माळ घातली, ती त्याची आहे. मामांनी शिकवली, शेजाऱ्यांनी शिकवली, मग वर्तमानपत्रांनी आणि सरतेशेवटी उच्च न्यायालयाने. तिच्या मनात काय आहे, हे विचारावे असे कुणी त्याला सुचवल्याचे दिसत नाही. हात न उगारताही माणूस दुसऱ्याच्या आयुष्यावर किती मोठा घाला घालू शकतो, ते ह्या मुलाकडे पाहून कळते. आमच्या पथनाट्यात मारकुट्या नवऱ्याची भूमिका करायला तिघे पुढे आले होते. ती अंगावर येणारी भूमिका, टाळ्यांची. दादाजीची भूमिका करायला कुणी तयार झाले नाही. शेवटी ती मी घेतली. तिच्यात ओरडणे नाही, मिशीला पीळ नाही. नुसते उभे राहून ती माझी आहे असे म्हणत राहायचे. ते फार अवघड जाते, हे अनुभवाने सांगतो.

खटल्याने रखमाबाई सुटल्या, पण ज्या लहान मुली सुटत नव्हत्या त्यांचे काय? १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिशी ओलांडलेल्या नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली. तेव्हाच्या कायद्याने संमतीचे वय दहा होते. त्यामुळे बलात्काराचा गुन्हा त्याला लागू झाला नाही. १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचे बारा झाले. दोनच वर्षे! पण त्या दोन वर्षांसाठी पुण्या-मुंबईच्या सभांतून केवढे रण माजले होते. रखमाबाई तेव्हा लंडनमध्ये होत्या. त्यांच्या खटल्याने जी जमीन नांगरली गेली, तिच्यात हे बी पडले, असे इतिहासकार मानतात.

लंडनला त्या १८८९ मध्ये गेल्या. मुंबईत स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले होते आणि तेथील डॉ. एडिथ पीची या बाईंनी रखमाबाईंना वैद्यकीकडे वळवले. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन येथे त्यांनी शिक्षण घेतले, एम. डी. ची पदवी मात्र ब्रुसेल्सहून घ्यावी लागली, कारण लंडनला त्या संस्थेत स्त्रियांना ती मिळत नव्हती. ह्या पाच वर्षांविषयी फार लिहीत नाही. परदेशात जाऊन शिकलेल्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो आणि त्या बऱ्याचशा सारख्याच असतात : थंडी, एकटेपण, परीक्षा, यश.

परत आल्यावर काही काळ कामा हॉस्पिटलमध्ये काम करून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात प्रमुख डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. मुंबईत राहून व्याख्याने देता आली असती, नाव होतेच. त्या सुरतेला गेल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथेच राहिल्या. परपुरुषापुढे नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्या काळी घरोघर होत्या; त्यांना बाई-डॉक्टर मिळाली. बाळंतपणे, प्लेगच्या साथी, कोवळ्या वयात आई झालेल्या मुली, असे ते काम. ज्या हिंसेविषयी त्यांनी विशीत वर्तमानपत्रात लिहिले होते, तिचे परिणाम आता रोज त्यांच्या टेबलावर येत होते. त्याविषयी त्यांनी फारसे लिहिले नाही. हात कामात गुंतले असावेत.

१९०४ साली दादाजी वारला, आणि रखमाबाई पांढरी साडी नेसू लागल्या.

हा प्रसंग वाचून आमच्या गटात कडाक्याचे भांडण झाले, ते सांगितले पाहिजे. ज्या नवऱ्याला नाकारण्यासाठी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली, त्याच्या मागे वैधव्य पाळायचे? काही मुलींना ते पराभवासारखे वाटले. एकीचे म्हणणे असे पडले की, डॉक्टरीणबाईंना सुरतेच्या सामान्य बायकांच्या घरात शिरायचे होते आणि त्या पोशाखात दारे उघडतात. आणखी एकाला वाटले की, ती माणुसकी होती. दादाजीही त्याच लग्नाचा बळी होता, हे त्यांनी ओळखले असेल. मला स्वतःला तिसरा तर्क जवळचा वाटतो, पण तो माझ्या भूमिकेमुळे असेल. त्यांनी कारण सांगून ठेवलेले नाही आणि आपण त्यांच्या तोंडी घालू नये. जन्मभर ज्यांना दुसऱ्यांनी काय नेसावे, कुठे राहावे हे सांगितले, त्यांची एवढी एक गोष्ट त्यांच्यापाशी राहू द्यावी.

सुरतेनंतर त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि १९२९-३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. पडद्याची चाल बंद झाली पाहिजे, असा लेखही त्यांनी त्या सुमारास लिहिला; म्हणजे पासष्टीतही लेखणी गंजलेली नव्हती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. इंग्रजी राज्य गेलेले त्यांनी पाहिले, स्त्रियांना मतदान करताना पाहिले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी उलटून गेल्यावर, त्यांचे निधन झाले.

हे वर्ष वाचकांनी ध्यानात ठेवावे. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याने एकाहून अधिक बायका करणे बंद केले आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. रखमाबाईंना जे मिळाले नाही ते त्यांच्या मृत्यूच्या चार महिने आधी देशातल्या सगळ्या हिंदू मुलींना मिळाले. पण त्याच कायद्याच्या नवव्या कलमात दांपत्य-हक्कांची ती पुनःस्थापनाही येऊन बसली. तुरुंगाची शिक्षा १९२३ मध्येच गेली होती. हुकूम न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद राहिली. आता हा दावा नवराही लावू शकतो आणि बायकोही, एवढा फरक. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. पुढल्याच वर्षी, १९८४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात ते वैध ठरवले. ज्या इंग्लंडातून ते आले, त्यांनी स्वतःच्या कायद्यातून ते १९७० च्या कायद्याने काढून टाकले आहे.

बालविवाहाचे म्हणाल, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे जवळजवळ पाचातली एक. हा आकडा आम्ही पथनाट्यात घातला, तेव्हा दहिसर स्टेशनबाहेरच्या गर्दीत उभ्या असलेल्या एका काकांनी तो खेड्यापाड्यांचा असेल, मुंबईचा नसेल, असे सांगितले. त्यांच्या शेजारी उभी असलेली भाजीची पिशवी घेतलेली मुलगी काही बोलली नाही. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होते आणि तिचे वय विचारण्याचे धाडस आमच्यापैकी कुणाला झाले नाही.

नवव्या कलमाची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. २०१९ मध्ये ते रद्द व्हावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात नवी याचिका दाखल झाली. ती करणारे कुणी नामांकित वकील नव्हते की राजकीय पुढारी नव्हते. गुजरातेतील विधी विद्यापीठाचे विद्यार्थी होते; वयाने साधारण आपल्याएवढेच, आणि खटल्याच्या वेळच्या रखमाबाईंएवढे.